तेवत्या कंदिलाची भीती

इतका भित्रा माणूस आहे हे आधी कळलं असतं तर मी सरांना माझी माडी भाड्याने दिली नसती. पालघरला ते राहायला आले त्या दिवशी त्यांनी जिन्याची प्रत्येक पायरी आधी टाचेने दाबून पाहिली आणि मगच तिच्यावर भार टाकला. घर मी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. मला राग आला.

"सर, सागवानी जिना आहे. मी समोर उभा राहून करून घेतलाय."

"तुम्ही उभे होतात," सर म्हणाले, "मी नव्हतो."

मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. एकटेच होते. हवा मानवेल म्हणून आधी एडवणला राहून पाहिलं, पण लाटांच्या आवाजाने झोप येईना म्हणून पालघरला आले. म्हणजे समुद्रालाही भ्याले. दूध तापवण्याआधी हुंगायचे, तापल्यावर पुन्हा हुंगायचे. स्टेशनवर गाडी येताना दिसली की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. छत्री उघडताना शेजारच्याला "जरा सांभाळून हं" म्हणायचे. माझी बायको म्हणायची, बिचाऱ्यांच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडलं असणार. मी एकदा तोंडावरच विचारलं.

सर म्हणाले, "नाही हो. मला कधी काही झालेलं नाही. काही झाल्यावरच भ्यायचं असतं का?"

माझा धंदा विहिरींचा. नगरकडून सुरुंगवाल्यांच्या टोळीबरोबर इकडे आलो तेव्हा माझं शिक्षण चौथीपर्यंत. दगड फोडत मुकादम झालो, मग कंत्राटदार. तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं आणि बोईसर, सालवड, वाणगाव या पट्ट्यात माणसांची रीघ लागली. माणूस आला की आधी पाणी लागतं. मी दरावरून भांडायचो, सिमेंटवाल्याला रडवायचो, माणसांवर ओरडायचो. पण माझ्या विहिरीत वाईट हवेने एकही जीव गेला नव्हता. या गोष्टीचा मला जितका ताठा होता तितका घराचाही नव्हता.

सरांचा उद्योग लेख तपासण्याचा. शास्त्राची नियतकालिकं आलेला लेख छापण्याआधी एखाद्या जाणकाराकडे पाठवतात. तो परीक्षक. लेख कुणी तपासला हे लिहिणाऱ्याला कळू देत नाहीत. लेख कुणाचा हे मात्र परीक्षकाला दिसतं, कारण नाव वरच असतं. सरांना तेही नको होतं. पाकीट आलं की ते जिन्यातूनच विचारत, "वहिनी, खळ आहे का?" मग माझी बायको पाकीट फोडायची, पहिल्या पानावरच्या नावावर जुन्या कॅलेंडरची पट्टी खळीने चिकटवायची आणि कागद वर नेऊन द्यायची. हे काम तिच्याकडे, कारण लेख इंग्रजी असत आणि तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"नाव ओळखीचं निघालं तर बरंच की," मी म्हणालो. "मित्राचं काम होऊन जाईल."

"त्याचीच तर भीती."

लेख घरात असेपर्यंत सर त्या विषयावर कुणाशी बोलायचे नाहीत. नवख्या माणसाकडे चहासुद्धा घ्यायचे नाहीत. वाचायचे ते उभं राहून. बसून वाचलं की मन लवकर 'ठीक आहे' म्हणून मोकळं होतं, असं त्यांचं म्हणणं. एका लेखाला महिना महिना लावायचे. मी चिडवायचो, "सर, एवढ्या वेळात मी विहिरीला पाणी लावतो."

"तुमच्या विहिरीत लोक आधी वाकून बघतात," सर म्हणायचे. "छापलेल्यात कुणी वाकून बघत नाही."

पुण्याहून एक मराठी त्रैमासिक निघायचं. इंजिनिअर, ओव्हरसियर, कंत्राटदार, सगळे वाचायचे. त्यात आपला लेख यावा असं माझ्या मनात आलं, त्याला कारण होतं. बोईसरजवळ नव्या वसाहतीच्या मोठ्या विहिरींचं काम निघणार होतं आणि तिथल्या साहेबाने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमचं शिक्षण काय?" आपल्या नावाचा अंक त्याच्या टेबलावर आपटायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

लेख मी शाळेतल्या कारकुनाकडून सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. विषय माझ्या ताठ्याचाच: विहिरीतली वाईट हवा. माणूस उतरवण्याआधी दोराने पेटता कंदील सोडावा. विझला तर करंजाच्या फांद्यांचा जुडगा वर-खाली हापसून हवा हलवावी आणि पुन्हा कंदील सोडावा. तेवत राहिला तरच माणूस उतरवावा. आणि शेवटी एक वाक्य: 'उपशाचे इंजिन विहिरीत चालू असतानाही हीच कसोटी पुरते.'

सर माझ्या माडीवर राहतात हे संपादकांना कुठून माहीत असणार? पालघरचा लेख, पालघरलाच आपला एक रसायनवाला परीक्षक. त्यांनी तो सरांनाच पाठवून दिला.

बायकोने पाकीट फोडलं. या वेळी अक्षर मराठी आणि नाव नवऱ्याचं. तिने पट्टी लावली, तिच्यावर आणखी एक पट्टी लावली आणि कागद वर दिले. मग माझ्यापुढे ताट ठेवत म्हणाली, "तुमचा निबंध वर गेलाय."

मला आनंद झाला. घरचाच परीक्षक! त्याच संध्याकाळी मी वर तळलेले बोंबील पाठवले. ताट झाकलेलं तसंच खाली आलं. दुसऱ्या दिवशी घोलवडचे चिकू. तेही परत. मग सरांनी आमच्याकडचा रोजचा चहाही बंद केला आणि स्वतः स्टोव्ह पेटवू लागले. स्टोव्हला ते किती भ्यायचे हे मला माहीत होतं. तेव्हा मी काय ते समजलो. पट्टीचा काही उपयोग झाला नव्हता. करंज, कंदील आणि पालघर. दुसरा कोण असणार?

मी वर गेलो. सरांनी घाईने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पण शेवटच्या वाक्याखालची पेन्सिलची रेघ मला दिसली होती.

"कुठे अडलंय, सर?"

"मी त्याचा परीक्षक आहे असं मी म्हटलेलं नाही."

"बरं, नाही आहात. पण समजा असतात, तर?"

सर खिडकीकडे गेले. "समजा असतो, तर विचारलं असतं, हे इंजिन विहिरीत असतं कुठे?"

"निम्म्यावर. फळ्यांचा माळा बांधून त्याच्यावर. पाणी खोल गेलं की वरून ओढत नाही ते."

"आणि धूर?"

"धूर काय, जातो वर."

"जाताना पाहिलात?"

मी दर ठरवायला बसल्यासारखा बसलो. "'पुरते' नको ना? 'बहुधा पुरते' करतो. चला."

"आणि जो बहुधात बसला नाही, तो वर कसा यायचा?"

"मग 'अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली' घालतो. आता तर झालं?"

"अनुभवी माणूस काठावर असतो, कंत्राटदार."

हे मला झोंबलं. "माझ्या विहिरीत आजवर कुणी गेलेलं नाही!" मी ओरडलो. "पोरांची डोकी दुखतात इंजिनच्या दिवशी, ओकतात कधीमधी, पण ती ताडीने!"

सरांचा चेहरा उतरला. आवाज एकदम खाली आला. "इंजिनच्याच दिवशी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला मागच्या उन्हाळ्यातला एक दिवस आठवला. मी स्वतः खाली तासभर उभा होतो आणि वर आल्यावर बांधावर बसून ओकलो होतो. मी ताडीला कधी तोंड लावलेलं नाही.

दोन दिवसांनी सालवडला कामगारांच्या चाळीसाठी काढलेल्या विहिरीवर सर आले. एस.टी.ने आले, काखेत एक जिवंत कोंबडी घेऊन. माझी माणसं खदखदून हसली.

"शेट, मास्तर जेवाण घिऊन आलं!"

"जेवाण नाय रं, तिला विहीर दाखवाया आणली हाय!"

जानू सगळ्यात मोठ्याने हसत होता. माझ्याकडे विहिरीत पहिला उतरायचा तो जानूच. सर हसले नाहीत. काठापासून बरेच लांब एका दगडावर बसले आणि तिथूनच सांगू लागले. कंदील आणि कोंबडी एकाच टोपलीत ठेवा. टोपली इंजिनच्या खाली सोडा. इंजिन बंद करू नका.

इंजिन रॉकेलवर चालणारं. त्याच्या धडधडीने काठावरचे खडे हलत होते. टोपली फळ्यांच्या बाजूने खाली गेली. मी वाकून बघत होतो. कंदील तेवत होता. ज्योत सरळ होती, एकदाही फडफडली नाही. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर सरांची जिरली याचंही बरं वाटलं.

"कंदील हाय बराबर," जानू म्हणाला. "जातो मी, शेट." त्याने शिडीवर पाय टाकलासुद्धा.

"थांब!"

सरांचा आवाज एवढा मोठा निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. जानू तसाच थांबला, एक पाय आत, एक बाहेर. इंजिन बराच वेळ तसंच धडधडत राहिलं. सर दगडावर दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसले होते. नंतर ते म्हणाले, "काढा."

टोपली वर आली. कंदील तसाच पेटलेला. कोंबडी एका कुशीवर पडलेली. जानूने तिची मान उचलून सोडली. मान खाली पडली. तिचा तुरा मात्र लालभडक झाला होता, जिवंतपणी नव्हता इतका.

आता कुणी हसत नव्हतं. जानू म्हणाला, "शेट, मी रोज तिथंच असतो. त्याच्याच खाली."

मी इंजिन बंद करायला सांगितलं. सरांनी मग सगळ्यांना समजेल असं सांगितलं. बंद पडलेल्या विहिरीत श्वासाची हवा संपते, तिथे कंदील विझतो आणि खरं सांगतो. इंजिनच्या धुरातला जो विषारी वायू आहे, त्याला वास नाही, रंग नाही. हवा शिल्लक असते म्हणून कंदील तेवतो, आणि तो वायू रक्तात शिरतो, म्हणून तुरा असा लाल. माणसाला झोप येते. एवढं बोलून ते झाडामागे गेले. ते ओकत होते हे आम्हाला ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून माझ्या विहिरींत धूर लोखंडी नळीने काठाबाहेर काढतात. पण मी धंदेवाईक माणूस, आणि त्या दिवशी घरी जाताना मला लेख दिसत होता.

"सर, हे तुम्ही लिहा. तुमचा शोध."

"माझा कसा? मला तो तुमच्या बंद पाकिटात सापडला. दुसऱ्याच्या न छापलेल्या लेखातून सुचलेलं मी माझं म्हणून छापू?"

"मग मी लिहितो. ते वाक्य काढतो, कोंबडी घालतो. तुम्ही पास करा."

"मी आता काहीच करू शकत नाही. मी लेखकाच्याच घरात राहतो हे पहिल्याच दिवशी कळवून कागद परत करायला हवे होते. मी ते केलं नाही, कारण त्या वाक्याची मला भीती वाटली."

मी नवा लेख लिहिला. सरांनी जुना लेख, नवा लेख आणि आपण यावर मत का देऊ शकत नाही याचं पत्र असं सगळं एकत्र संपादकांकडे पाठवलं. संपादकांनी ते दुसऱ्या परीक्षकाकडे दिलं. काही महिन्यांनी मला पोस्टकार्ड आलं: 'लेखात अनुभव आहे, शास्त्र नाही. कोंबडीचा प्रयोग हास्यास्पद.' वसाहतीचं काम दुसऱ्याला गेलं.

मी वर जाऊन भांडलो. सगळ्या आळीने ऐकलं असेल. "एक सही, सर! एक सही केली असती तर आज हे छापून आलं असतं!"

"ती सही बोंबलांची ठरली असती," सर म्हणाले. "मग खरी असूनही कोंबडी कुणी मानली नसती."

"आता तरी कुठे मानली?"

  मला आजही वाटतं की त्यांनी सही करायला हवी होती, आणि हे मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवत राहिलो.

पुढच्या वर्षी त्याच त्रैमासिकात एक लेख आला. लिहिणारा पुण्याचा मोठा इंजिनिअर. विषय, विहिरीतली वाईट हवा. मी उभ्या उभ्या वाचला. पेटता कंदील. विझला तर करंजाच्या फांद्यांचा जुडगा. अहो, झाडं काय कमी आहेत? पुण्यात बसलेल्या साहेबाला करंजच कसा सुचला? सालवडच्या ओढ्याला करंज आहे म्हणून मी करंज लिहिला होता! कोंबडीचा कुठे पत्ता नव्हता. आणि अगदी शेवटी माझं वाक्य, कान्यामात्रेसकट: 'उपशाचे इंजिन विहिरीत चालू असतानाही हीच कसोटी पुरते.' दुसरा परीक्षक हाच असणार; तपासायला दिलेला माल या माणसाने घरी नेला होता, आणि नेताना नेमका सडका तेवढा उचलला होता.

"चोरी!" मी खालून ओरडलो. "सर, चोरी झाली! मी पुण्याला जातो, त्याची गचांडी धरतो!"

सर जिना उतरून आले. एकही पायरी न दाबता आले, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी अंक वाचला. 

"चोरी तर आहेच," ते म्हणाले. "पण कंत्राटदार, ते वाक्य आता विहिरीत उतरणार."

त्याच दिवशी त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं: पहिला परीक्षक मी होतो, हे वाक्य माणूस मारेल, माझ्या नावानिशी छापा. परीक्षकाचं नाव बाहेर पडू नये म्हणून आयुष्यभर जपलेल्या माणसाने खाली पूर्ण नाव घातलं. पत्र छापलं गेलं नाही. उत्तर आलं नाही. त्यानंतर सरांकडे तपासायला एकही लेख आला नाही. बायको कधी खळ करायला घ्यायची आणि जिन्याकडे बघायची.

मग सर माझ्या जुन्या जीपमधून माझ्याबरोबर हिंडू लागले, मांडीवर टोपली, टोपलीत कोंबडी. जिथे विहीर चालली असेल तिथे थांबायचं. लोक त्यांना कोंबडीमास्तर म्हणू लागले. काही ठिकाणी ऐकायचे, काही ठिकाणी कोंबडी कितीला म्हणून विचारायचे. पुढे गुडघे गेले तसे ते पुतण्याकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. त्या पुण्याच्या साहेबाचं नाव मला पाठ आहे. इथे लिहीत नाही, लिहिलं तर हात थांबणार नाही. पण सरांची आठवण निघाली की मला ना तो साहेब दिसतो, ना माडी. मला वाणगावची विहीर दिसते.

वाणगावच्या अलीकडे रस्त्याला लागून काम चाललं होतं. कंत्राटदार पोरगेलासा, खिशाला दोन पेनं. आतून इंजिनची धडधड येत होती आणि दोराला कंदील सोडलेला होता. मी जीपमधूनच ओरडलो, "आत कोण आहे? बाहेर काढ त्याला!"

"काका, कंदील तेवतोय," तो म्हणाला. "बघा की वाकून."

"इंजिन बंद कर आधी!"

"गरज नाही. हे छापून आलंय." त्याने खाटेवरचा अंक उचलला, पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं, "'उपशाचे इंजिन विहिरीत चालू असतानाही हीच कसोटी पुरते.'"



"ते वाक्य माझं आहे!" मी म्हणालो. "मी लिहिलंय ते, आणि ते खोटं आहे!"

त्याने पानाकडे पाहिलं, मग माझ्या चिखलाने भरलेल्या पायजम्याकडे. "इथे तर साहेबांचं नाव आहे."

त्याची माणसं हसली. इंजिनवाला म्हणाला, "लालटेन जल रहा है चाचा, काहे को घबराते हो?"

आयुष्यात कुठल्याही सौद्यात मला शब्द कमी पडलेले नाहीत. तिथे पडले. विहिरीतून धडधड येत राहिली.

तेवढ्यात सर जीपमधून उतरले. टोपली खाली ठेवली आणि सरळ काठावर गेले. अगदी काठावर. पाठ वळवून त्यांनी शिडीवर पाय ठेवला. पाय इतके लटपटत होते की शिडी दगडावर खडखड वाजायला लागली.

"मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक आहे," ते त्या पोराला म्हणाले. "छापलेलं खरं असेल तर मला काही होणार नाही. इंजिन चालू राहू द्या." आणि ते उतरू लागले. आधी कंबर दिसेनाशी झाली, मग खांदे.

"अहो! अहो म्हातारबा!" पोराचा चेहरा पांढरा पडला. "धरा रे त्यांना! बंद कर, इंजिन बंद कर!"

इंजिनवाल्याने काठावरून बंद करायची दोरी ओढली. धडधड थांबली. विहीर एकदम शांत झाली.

"लखमा!" पोराने आत हाक मारली.

उत्तर नाही.

"ए लखमा!"

खालून खोकल्यासारखा आवाज आला. इंजिनवाला दोर घेऊन उतरला. सरांना ओलांडायला जागा नव्हती, म्हणून तो शिडीच्या मागच्या बाजूने लोंबकळत गेला. लखमाला काखेत दोर बांधून वर ओढला. मातीच्या ढिगावर तो कुशीवर पडला, ओकला, आणि डोकं धरून बोलला, "शेट, ताडी नाय पिलो. आईशपत, नाय पिलो."

सर अजून शिडीवरच होते. भीतीने त्यांना ना खाली जाता येत होतं ना वर. मी पालथा पडून त्यांचे दोन्ही हात धरले. 

"आला का तो वर?" सरांनी विचारलं.

"आला. शुद्धीवर आहे."

"आणि कंदील?"

मी त्यांच्या खांद्यावरून खाली पाहिलं. कंदील तेवत होता.